फुगेवाल्या मावशी

काम आयाचं, पण लहान मूल ऑपरेशनच्या टेबलावर आलं की मोठमोठे डॉक्टर बाजूला सरून मावशींना हाक मारत. पोरांना सुईआधी मास्कमधून, वासावरच भूल देतात. पण मास्क दिसला की पोरं आकांत मांडतात. मावशींनी त्यावर तोड काढली होती. मशीनला लोंबणारी काळी रबरी पिशवी दाखवायची आणि म्हणायचं, "हा फुगा आपण दोघं फुगवू." मग पोराच्या गालाला गाल लावून त्या स्वतःही छातीभर श्वास घ्यायच्या. खोटं नाटक पोरांना लगेच कळतं. मास्कच्या कडेने गोडसर वास यायचा, डोकं जड व्हायचं. घरी स्वयंपाक करता करता डुलकी लागायची.

दुसऱ्यांची पोरं अशी झोपवता झोपवता त्यांची स्वतःची कूस मात्र उजवली नाही. तीनदा दिवस गेले, तीनदा पोट पडलं. सासूने पांढऱ्या पायाची ठरवलं. नवरा भला माणूस, पण भला म्हणजे गप्प. आपल्यातच काही खोट आहे, असं मावशींनी धरून ठेवलं आणि नोकरीत जीव रमवला.

निवृत्ती जवळ आली तेव्हा मशीनला एक जाड नळी बसवायला माणूस आला. ही कशाला, त्यांनी सहज विचारलं.

"भुलीचा उरलेला गॅस बाहेर सोडायला," तो स्क्रू पिळत म्हणाला. "रोज इथे उभं राहणाऱ्यांच्या अंगात जातो ना. पोटुशी बाई असली तर जास्तच जपायचं म्हणतात."

मावशींनी तडक भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. तिन्ही वेळा पोट पडलं ते या गॅसमुळेच का, असं विचारलं.

"त्यामुळेच झालं असं सांगता येत नाही, मावशी. त्यामुळे नाही झालं, असंही नाही."

म्हणजे रडायलाही धड कारण नाही. सासू असती तर म्हणाली असती, मग नोकरी सोडायची होतीस. नवऱ्याला सांगितलं, तर तो भरल्या ताटावरून उठला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या तिघांसाठी रडला.

दुसऱ्या दिवशी टेबलावर एक चिमुरडी आली. मावशींनी फुगा दाखवला, पण गाल लांबच ठेवला. पोरीने मास्क ढकलला.

"तू पण घे ना."

मावशींना त्या पोरीचाच राग आला. मग वाटलं, आता जपायचं तरी काय राहिलंय? त्या वाकल्या आणि छातीभर श्वास घेतला. वास जवळजवळ आलाच नाही. नळी चांगली बसवली होती.