मी व्याह्यांना डहाणूचा काळा इतिहास दाखवतो

डहाणूला काळा इतिहास आहे, हे मला वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी ठाण्याहून आलेल्या एका फोनमुळं कळलं.

फोन बेहेऱ्यांचा होता. त्यांचा निखिल आणि आमची केतकी मुंबईत एकाच कंपनीत कामाला होती आणि दोघांनी आपलं आपण ठरवून टाकलं होतं. आता फक्त आईवडिलांनी एकमेकांना पसंत करायचं बाकी होतं. (हल्ली मुलं आधी ठरवतात आणि दाखवण्याचा कार्यक्रम आईबापांचा होतो.) बेहेरे निवृत्त इंजिनिअर. दोनतीन वर्षांतून एकदा बायकोला घेऊन परदेशात जायचे आणि बागा, कारंजी, राजवाडे सोडून कुठल्या चौकात कुणाचं डोकं उडवलं, कुठल्या गल्लीत प्लेगची प्रेतं पडायची, हे पायी हिंडत बघून यायचे. तिकडे म्हणे अशा सफरी असतात. पुढं एक वाटाड्या चालतो आणि मागची माणसं हळहळत फोटो काढतात. फोनवर त्यांनी मला एका जल्लादाच्या घराचं वर्णन वीस मिनिटं ऐकवलं आणि मग सहज विचारलं, की तुमच्या डहाणूत असं काही आहे का.

"आहे ना," मी म्हटलं. "मीच घेऊन जातो लोकांना."

समोर शोभा चिकू कापत बसली होती. तिची सुरी थांबली. फोन ठेवल्यावर तिनं अगदी शांतपणे विचारलं, की अहो, तुम्ही कुठल्या लोकांना कुठं घेऊन जाता? प्रश्न रास्त होता. मी चौतीस वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलं. एवढ्या काळात मी लोकांना फक्त स्टेशनवर सोडायला घेऊन गेलो होतो, आणि त्यातही एकदा पाहुण्यांना चुकीच्या फलाटावर उभं केलं होतं.

पण शब्द गेला होता. पाहुणे पुढच्या रविवारी येणार होते. मी वाचनालयातून जिल्ह्याच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक आणलं. त्यात डहाणूला अडीच ओळी होत्या आणि त्यातल्या दीड ओळीत पाऊसपाणी होतं. तेव्हा उरलेला इतिहास आपणच तयार करायचा, असं मी ठरवलं. किल्ला पोर्तुगीजांचा, एवढं खरं होतं. पोर्तुगीज माणसं वाईट होती, एवढं शाळेत शिकवलं होतं. या दोन गोष्टींवर मी चार दिवसांत तीन फाश्या, एक भुयार आणि एक आत्महत्या उभी केली. शोभाला समोर खुर्चीवर बसवून तालीमही घेतली. आत्महत्येपर्यंत तिला झोप लागली.

तरी काहीतरी कमी वाटत होतं. बेहेऱ्यांना स्थानिक रंग आवडतो, असं केतकीनं सांगितलं होतं. मग मला जानू गुरुजी आठवले. जानू गुरुजी म्हणजे तलासरीकडच्या झरी गावचे, वारली, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. निवडणुकीच्या ड्यूटीवर आम्ही चार वेळा एकाच खोलीत सतरंजीवर झोपलो होतो, त्यामुळं ओळख घट्ट. मी त्यांना फोन करून सांगितलं, की पाहुण्यांबरोबर नुसतं चालायचं, बोलायचं काम माझं. येताना जमलं तर एखादं वारली चित्र आणा, आणि टोपी घाला.

गुरुजी इस्त्रीचा शर्ट, पँट आणि काळे बूट घालून आले. टोपी नव्हती, चित्रही नव्हतं. मी जरा नाराजीनं विचारलं, तर म्हणाले, चित्रं आमच्यात बायका काढतात. मला सरळ रेघ पण येत नाही. आणि ड्रॉइंग मास्तर तर तुम्ही ना सर?

नोटाबंदीच्या पुढच्या वर्षीचा डिसेंबर होता. पाहुणे चारोटीवरून गाडी वळवून बरोबर नऊला किल्ल्यापाशी हजर झाले. बेहेऱ्यांच्या डोक्यावर हनुवटीखाली दोरी बांधलेली टोपी, गळ्यात दुर्बीण, हातात वही. मिसेस बेहेरे कमी बोलणाऱ्या, हसतमुख, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या. निखिल आणि केतकी मागं. केतकी मुंबईहून त्यांच्याच गाडीतून आली होती आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघत होती, ज्या नजरेनं मी तिच्या प्रगतिपुस्तकाकडे बघायचो.

मी घसा साफ केला आणि किल्ल्याच्या दरवाज्यातला लोखंडी आकडा दाखवला. सांगितलं, की पोर्तुगीज इथं कैद्यांना उलटं टांगत. तीन तीन दिवस. खाली मिरच्यांची धुरी. (मिरच्या मला त्याच क्षणी सुचल्या.) बेहेरे भराभर लिहून घेत होते. त्यांनी आकड्याचा फोटो काढला, मग निखिलला आकड्याखाली उभं करून आणखी एक काढला. मला हुरूप आला. मी कैद्यांची संख्या वाढवणार, एवढ्यात किल्ल्यातल्या सरकारी कचेरीतून एक शिपाई दात घासत बाहेर आला आणि म्हणाला, "मास्तर, तो हूक मी ठोकलाय. झेंडावंदनाला माळा लावायला. त्याच्यात टांगू नका हां काही, निघतो तो."

बेहेऱ्यांनी वहीत काहीतरी खोडलं. मी म्हटलं, मूळ आकडा याच जागी होता. शिपाई म्हणाला, या जागी मूळ भोकच नव्हतं, ड्रिल त्यानंच आणलं होतं.

तिथून मी सगळ्यांना घाईनं फाशीच्या झाडाकडं नेलं. रस्त्याच्या वळणावर एक भलंमोठं, वाकडंतिकडं झाड होतं. फाशीसाठी याहून योग्य झाड तालुक्यात नव्हतं. मी आवाज खाली आणला आणि सांगितलं, की तीनशे वर्षांपूर्वी याच फांदीवर एका निष्पाप कोळ्याला लटकवलं, आणि अजूनही अमावस्येला फांदी थरथरते. मिसेस बेहेरे जवळ गेल्या. पायाशी पडलेली एक वाळकी शेंग उचलून त्यांनी उलटसुलट करून बघितली आणि फार मऊपणानं म्हणाल्या, की हा गुलमोहर आहे. हे झाड साठ वर्षं जगलं तरी डोक्यावरून पाणी. त्या एकतीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होत्या, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

केतकी म्हणाली, "बाबा, ऊन वाढतंय." त्या तीन शब्दांत मला थांबवण्याची विनंती, धमकी आणि थोडीशी कीव, असं सगळं होतं.

गुरुजी मात्र बूट न वाजवता चालत होते. ना हसले, ना बोलले. मला वाटलं, बरं झालं, टोपी नसली तरी गडी समजूतदार आहे.

आता माझी सगळी भिस्त कप्तानाच्या बायकोनं जीव दिलेल्या विहिरीवर होती. पण विहिरीकडचा रस्ता गटारासाठी खणून ठेवला होता. मिसेस बेहेऱ्यांच्या गुडघ्यानं ते खड्डे ओलांडणं शक्य नव्हतं, म्हणून खाडीच्या बाजूनं वळसा घ्यावा लागला. आणि त्या वाटेवर आमच्या आजोबांची वखार लागते. म्हणजे वखार आता उरलेली नाही. तीन भिंती, एक दगडी चौकट आणि आत रुई माजलेली. या जागेचा सफरीत समावेश नव्हता. काळा इतिहास म्हणून मी स्वतःच्या आजोबांना कशाला दाखवू?

पण बेहेरे थांबले. दगडी चौकट बघून त्यांनी हे काय म्हणून विचारलं. माझ्या लक्षात आलं, की सकाळपासून पहिल्यांदाच मला खरं उत्तर माहीत आहे. मी सांगितलं, की ही आमची गवताची वखार. रानातलं गवत कापून इथं पेंढ्या बांधायचे आणि शिडाच्या मचव्यातून मुंबईला पाठवायचे, तिथल्या तबेल्यांना. बेहेऱ्यांनी हे लिहून घेतलं आणि खोडलं नाही. त्यामुळं मला चेव आला. मुलीचं स्थळ जुळवायचंय, घराण्याचं नाव निघालंच आहे, तर थोडं पुढं जावं म्हणून मी म्हटलं, की आजोबा म्हणजे देवमाणूस. आदिवासींवर पोटच्या पोरांसारखी माया. आमच्या घरात अजून अभिमानानं सांगतात, की कितीतरी आदिवासींची लग्नं त्यांनी स्वतःच्या खर्चानं लावून दिली.

मिसेस बेहेऱ्यांना ते फार आवडलं. त्या गुरुजींकडं वळल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही सकाळपासून काहीच बोलला नाहीत. तुम्हाला माहीत असेल ना हे?"

गुरुजींनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "माहीत आहे. त्यातलं एक लग्न माझ्या बापाचं."

मी आनंदलो. (हे लिहून ठेवायला लाज वाटते, पण खरोखर आनंदलो. साक्षीदार मिळाला, असं वाटलं.)

गुरुजी वर्गात शिकवावं तशा सुरात पुढं सांगू लागले. लग्नाला लागणारं धान्य आणि कपडे सावकारानं द्यायचे आणि त्याच्या बदल्यात नवऱ्यानं सावकाराकडं राबायचं. त्याला लग्नगडी म्हणायचे. किती वर्षं राबायचं, ते कुणी सांगत नसे, कारण ते संपतच नसे. कर्ज एकट्या नवऱ्याचं असायचं, पण वेठीला दोघं लागायची, म्हणजे नवरा आणि त्याच्याबरोबर आलेली बायकोही. त्यांचा बाप गवत कापायचा आणि आई या वखारीत पेंढ्या बांधायची.

"माझा मोठा भाऊ इथंच झाला," ते आत रुईच्या झुडपाकडं हात करून म्हणाले. "आई सांगायची, सकाळी तो झाला आणि दुपारी ती परत पेंढ्यांवर बसली. मचवा भरतीला सुटायचा होता."

मग बेहेऱ्यांनी खालच्या आवाजात विचारलं, की लोक आजोबांना देवमाणूस म्हणायचे, ते मग कसं?

"म्हणायचे, ते खरं आहे," गुरुजी म्हणाले. "समोर आले की पाया पडायलाच लागायचं. नाही पडलं तर चाबूक होता."

मग पुढं कसं झालं, तेही त्यांनी सांगितलं. लाल बावट्याची माणसं आली, रानारानात सभा झाल्या, लोकांनी गवत कापायचं बंद केलं. त्यांच्या बापानं एके दिवशी विळा याच चौकटीत ठेवला आणि बायकोला घेऊन सरळ झरीपर्यंत चालत गेला. गुरुजींचा जन्म त्यानंतरचा, स्वतःच्या झोपडीतला. हे सांगताना त्यांच्या आवाजात किंचित तोरा आला. अख्ख्या सकाळीत तेवढाच.

बेहेऱ्यांची वही बंद होती आणि पेन खिशात गेलं होतं. फोटो कुणी काढत नव्हतं. मी उगाच माझ्या चपलेकडं बघत होतो. केतकीनं विचारलं, "बाबा, तुम्हाला हे माहीत होतं?"

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. सकाळपासून खोटं बोलून जीभ चांगली सैल झाली होती. पण मला लहानपणीची ओसरी आठवली, आजोबांच्या चाबकाची खुंटी आठवली आणि तो चाबूक बैलांसाठी आहे असं आजी सांगायची तेही आठवलं. आमच्याकडं बैल नव्हते.

"माहीत होतं," मी म्हटलं. "मी कधी विचारलं नाही, एवढंच."

यानंतर माझी सफर संपली आणि गुरुजींची सुरू झाली. बेहेऱ्यांनी त्यांना हात जोडून विनंती केली. त्यांनी आधी आढेवेढे घेतले, साडेबाराची तलासरीची गाडी पकडायची आहे म्हणाले, आणि मग मचव्यांचा धक्का, बाजारातली तोलाची जागा, जंगलातून लाकूड उतरायचं ते मैदान, असं सगळं दाखवत फिरले. एकही जागा भुताची नव्हती. मी सगळ्यात मागून मिसेस बेहेऱ्यांची छत्री, पर्स आणि पाण्याची बाटली घेऊन चालत होतो.

घरी जेवणाची पानं मांडली तेव्हा पाहुण्यांनी नकार कळवला तर काय म्हणायचं, याची मी मनातल्या मनात तयारी करून ठेवली होती. बेहेरे म्हणाले, की एवढी चांगली सफर त्यांनी आजवर पाहिली नव्हती आणि मुलगी त्यांना पसंत आहे. गुरुजींना आग्रहानं जेवायला थांबवलं होतं. शोभानं त्यांना पहिल्या पंगतीत, माझ्या नेहमीच्या पाटावर बसवलं आणि मला वाढायला लावलं.

लग्नाचं बोलणं निघालं. मी जरा सावरलो होतो. म्हटलं, कार्यालय, जेवण, सगळं माझ्याकडं, एकुलती एक मुलगी आहे. केतकी ताक ओतत होती. ती म्हणाली, की आम्ही रजिस्टर करणार आणि खर्च आमचा आम्ही करणार. मी कारण विचारलं.

"आपल्या घराण्यानं लावून दिलेली लग्नं फार महाग पडतात, बाबा."

गुरुजींना ठसका लागला. हसण्याचा होता की ताकाचा, ते मी विचारलं नाही.

पुढं बेहेऱ्यांनी आपल्या मित्रमंडळींना सांगितलं आणि तेव्हापासून दर महिन्याला ठाण्याहून दहाबारा माणसं गुरुजींची सफर बघायला येऊ लागली. मलाही जावं लागतं, गुरुजी तसं बजावूनच फोन ठेवतात. वखारीपाशी पोचलं, की ते माझ्याकडं हात करून सांगतात, हे सर, सावकारांचे नातू. लोक वळून बघतात. मागच्या खेपेला एक बाई म्हणाल्या, की जरा चौकटीत उभे राहता का, आणि हसू नका, प्लीज. मी न हसता उभा राहिलो. बेहेऱ्यांचं म्हणणं, की युरोपातसुद्धा त्यांना इतका जुना नमुना इतक्या चांगल्या अवस्थेत कुठं बघायला मिळाला नव्हता.