बांगडी फुटत नसते

झुलेखाचाची कासारवाडीत राहते आणि बांगड्या भरते, त्यामुळे नव्या माणसाला वाटतं की ही वाडी हिच्याच नावावर वसली असणार. खरं म्हणजे ती मूळची उदगीरची. मनियाराच्या घरातली, म्हणजे बांगड्यांचा धंदा माहेरीही आणि सासरीही. आमच्या गल्लीत माझी पिठाची गिरणी आहे आणि गिरणीच्या ओट्यावर चाचीची टोपली वर्षानुवर्षं टेकते. दर सणाला ती मला बांगड्या भरते आणि भरताना माझ्या हातांची चेष्टा करते. "बाई, तुझ्या हातात बांगडी चढवायची म्हणजे गव्हाच्या पोत्याला चढवायची," असं म्हणते आणि चढवतेही.

तिच्या स्वतःच्या हातात मात्र काही नाही. कादरमियाँ, म्हणजे तिचा नवरा, पिंपरीच्या एका कंपनीत होते. कंपनी बंद पडली तसे ते गप्प झाले ते झालेच. भिंतीकडे बघत बसायचे. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं दर्ग्यावर न्या, आणि बाकीचे म्हणाले की माणूस आळशी झाला. चाचीनं धागे बांधले, फुंकलेलं पाणी पाजलं. हा एक आजार असतो आणि त्याला डॉक्टर असतो, हे तिला मियाँ गेल्यावर कुणीतरी सांगितलं. तेव्हापासून ही बाई हात धरला की आधी माणसाच्या तोंडाकडे बघते, मग बांगडीचं माप काढते.

चाचीचा एक नियम होता. बांगडी फुटली असं म्हणायचं नाही. बांगडी वाढली म्हणायचं. आपण सगळेच म्हणतो तसं. नारळ वाढवतो, मंगळसूत्र तुटलं तरी वाढलं म्हणतो. पण आपण कधीतरी चुकतो, चाची चुकत नसे. ओट्यावर कुणा पोरीनं 'माझी फुटली' म्हटलं की ती टोपलीवर फडकं टाकायची आणि म्हणायची, "बांगडी फुटत नसते माय. नीट बोल, मग भरते."

समोरच्या चाळीत परभणीकडचं एक जोडपं भाड्यानं आलं. समाधान चाकणला एका कारखान्यात ठेकेदाराकडून कामाला, आणि त्याची बायको वर्षाली. कोवळी पोर. दळण घेऊन यायची आणि पीठ पडताना बघत उभी राहायची, जणू तेच एक काम तिला नेमून दिलं होतं. आदल्या वर्षी सहाव्या महिन्यात तिचं पोट पडलं होतं. त्या लेकराचं ना बारसं झालं, ना दहावा. आपल्याकडे अशा मुलाचं काहीच करत नाहीत, नावही काढत नाहीत. सासूनं सांगितलं होतं, विसर आणि पुढचं बघ. विसर म्हटलं की माणूस विसरतो, असं ज्यांना वाटतं त्यांना मी एकदा माझ्या चक्कीत घालून दळणार आहे.

वर्षाली बांगड्या फार घ्यायची. भरून गेली की दोन दिवसांत परत, हात अर्धा रिकामा. "वाढल्या चाची," एवढंच म्हणायची. एकदा चाचीनं उरलेल्या बांगड्या जरा वर सरकवल्या, मनगटावरचे ओरखडे पाहिले, आणि तिला जे वाटायचं तेच वाटलं. नवरा मारतो. संध्याकाळी कंपनीची बस आली तशी ती समाधानला भर रस्त्यात गाठून बोलली. मी ओट्यावरून ऐकत होते आणि मनातून खूश होते.

समाधान खाली बघत म्हणाला, "चाची, मी कशाला मारू तिला? मी दार उघडतो तर खाली काचा पडलेल्या ऱ्हातेत. मी झाडून घेतो अन् सैपाकाला लागतो. दुसरं काय करावं ते मला कळंना झालंय."

तो रडला असता तर बरं झालं असतं. त्यानं नुसता डबा या हातातून त्या हातात घेतला.

म्हणजे पोर आपल्याच हातानं आपल्याच हातावर बांगड्या फोडत होती. चाची त्या दिवशी माझ्याकडे चहा न घेता गेली.

आमच्या समाजमंदिरात दर गुरुवारी एका संस्थेची मुलगी येते, मनाच्या तक्रारी ऐकायला. दिव्या तिचं नाव. भोपाळकडची, पण मराठी मेहनतीनं शिकलेली, आणि तोंडावर हसू असूनही कान उघडे असलेली. चाचीनं वर्षालीला समजावलं, समाधाननं सुट्टी टाकली आणि तिला तिथं नेलं. तासाभरानं वर्षाली परत आली ती सरळ ओट्यावर.

"काय म्हणाल्या ताई?" चाचीनं विचारलं.

"चांगल्या हायेत. म्हणल्या हौस करत जा."

"अन् तू काय सांगितलंस?"

"खरं ते सांगितलं. बांगड्या लई वाढायल्यात म्हणलं."

मला आधी हसू आलं आणि मग हसल्याचा राग आला. भोपाळच्या मुलीनं काय समजावं? बांगड्या वाढायल्यात, म्हणजे खूप झाल्यात, म्हणजे पोरीला नटायची आवड आहे, म्हणजे अजून जीव आहे तिच्यात. तिला बरंच वाटलं असणार. तिचं चुकलं म्हणावं, तर शब्दाचा अर्थ तिनं बरोबरच लावला होता. वर्षालीचं चुकलं म्हणावं, तर तिला दुसरा शब्द आमच्यापैकी कुणी तोंडातून काढू दिला होता?

पुढच्या गुरुवारी चाची टोपली माझ्याकडे ठेवून समाजमंदिरात गेली. मीही गेले. दिव्यासमोर बसून चाचीनं सांगितलं, "ताई, वाढल्या म्हणजे तसं नाही."

"मग कसं? जास्त झाल्या ना?"

"नाही ओ. वाढल्या म्हणजे... नाही राहिल्या."

"हरवल्या?"

बाहेर बाकावर गल्लीतल्या बायका नंबर लावून बसल्या होत्या. मधे नुसता पडदा. चाचीनं पडद्याकडे एकदा पाहिलं. मग तिनं पदर तोंडापुढे धरला आणि 'नसते' जोडल्याशिवाय जन्मात जो शब्द उच्चारला नव्हता तो उच्चारला. "फुटल्या. ती फोडते ताई, वर्षाली. हातावर फोडून घेते."

बाहेरचं बोलणं थांबलं. दिव्याच्या तोंडावरचं हसू गेलं आणि ती उठलीच. त्याच दुपारी ती चाळीत वर्षालीच्या खोलीवर गेली. नंतर समाधानबरोबर बसली, त्या दोघांना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली, गोळ्या सुरू झाल्या. तिनं वर्षालीला त्या न झालेल्या लेकराबद्दल विचारलं. कुणी विचारण्याची ती पहिलीच वेळ. वर्षालीनं त्याला मनातल्या मनात एक नाव ठेवलं होतं, तेही तिनं सांगितलं. कोणतं ते दिव्या आम्हाला सांगत नाही, आणि ते बरोबरच आहे.

चाचीनं वर्षालीच्या हातात पितळेच्या बांगड्या चढवल्या. काच भरायला साफ नकार दिला. दोनदा पोर आली, दोनदा परत पाठवली. तिसऱ्यांदा आली ती बांगड्यांसाठी नाही, नुसती ओट्यावर बसायला आली. माझ्या गिरणीच्या आवाजात मोठ्यानं बोलायला लागतं, तर ती मोठ्यानं बोलली. मला वाटलं, सुटली पोर.

मग समाधानला ब्रेक मिळाला. चाकणच्या पट्ट्यात कुणालाही विचारा, ठेक्यावरच्या माणसाला काही महिन्यांनी ब्रेक देतातच. घरी बसवतात, वाटलं तर पुन्हा बोलावतात. यात शकुन-अपशकुनाचा काय संबंध? पण पडद्याबाहेरच्या बाकावर बसलेल्यांपैकी एकीची बहीण परभणीकडे दिलेली. शब्द फिरत फिरत गावी पोचला आणि सासू, सोजराबाई, येऊन उभी राहिली.

बाई वाईट नव्हती. मला ती वाईट हवी होती, म्हणजे भांडता आलं असतं. ती घाबरलेली होती. ओट्यासमोर येऊन चाचीला म्हणाली, "माझ्या सुनंच्या बांगड्या फुटल्या असं चारचौघांत म्हणलीस. अन् माझ्या लेकाचं काम गेलं. आता तूच बोललीस, तर तूच भर. गावात तिला पितळ घालून नेत न्हाई मी. सवाशीण हाय ती."

चाची म्हणाली, "बाई, तिला औषध चालू हाय. दवाखाना हितं हाय. तिला हितंच राहू द्या."

"लेकाला काम न्हाई, भाडं कोण भरंल? औषध गावात बी मिळतं."

समाधान भिंतीला टेकून उभा होता. मी बोलले, जे तोंडाला आलं ते बोलले. दिव्या येईपर्यंत थांबा, गुरुवारपर्यंत थांबा म्हटलं. सोजराबाईनं हात जोडले. ज्याच्यापुढे हात जोडलेत त्याला गप्प बसावं लागतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

चाचीनं नाही म्हटलं असतं तर पुलापलीकडे दुसरा मनियार बसतो. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, तिलाही. तिनं टोपलीवरचं फडकं काढलं. लवकर वाढू नयेत म्हणून जाड घोटीव बांगड्या शोधल्या, पण सोजराबाईनं बारीक हिरवा चुडा पसंत केला. वर्षालीनं हात पुढे केला. चाचीनं पितळ उतरवलं आणि एकेक काच चढवायला लागली, जुन्या खुणांवरून, इतकी हळू की माझं दळण थांबवून मी बघत राहिले. एकही वाढली नाही.

भरून झाल्यावर बाईनं कासाराच्या पाया पडायचं असतं. वर्षाली वाकली. अशा वेळी चाची मोठा खणखणीत आशीर्वाद देते. त्या दिवशी तिनं पोरीची दोन्ही मनगटं धरली, सोजराबाईकडे पाहिलं, आणि म्हणाली, "वाढवू नको गं माय."

"वाढल्या तर कोण भरंल चाची, तुम्ही तर हितं," वर्षाली म्हणाली, आणि थोडीशी हसली. दुपारची गाडी होती, तिघंही गेली.

पुढे एका गुरुवारी दिव्या आली. तिनं परभणीच्या सरकारी दवाखान्यातल्या एका डॉक्टरबाईंशी बोलून ठेवलं होतं, वर्षालीच्या गोळ्यांची नावं आणि पत्ता दोन-तीनदा समाधानच्या फोनवर पाठवला होता. फोन सासूच उचलते. 'बरी हाय ती' म्हणते आणि ठेवून देते.

टोपलीपाशी खाली बसून दिव्यानं विचारलं, अगदी जपून, शब्द आता बरोबर वापरत, "चाची, तिच्या बांगड्या वाढत असतील का हो?"

बांगड्या मापाप्रमाणे लावता लावता चाची म्हणाली, "हितं असती तर कळलं असतं. माझ्याकडंच आली असती ना भरायला. आता तिकडं दुसरा कुणी भरत असंल."