भिंतीला भिंत

पाण्याने भरलेला स्टीलचा ग्लास माझ्या हातात येता येता परत गेला.

"हा जरा खराब दिसतोय," वहिनी म्हणाल्या आणि आतून कागदी कप घेऊन आल्या. बार्बेक्यूला वापरून फेकतात तसला. ग्लास लखलखीत होता. मधल्या वेळात त्यांनी फक्त माझं गाव विचारलं होतं, आणि मग आडनाव.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातलं, ओपल नावाची रत्नं खणणाऱ्यांचं गाव. झाड नाही, नदी नाही, पाणीसुद्धा टँकरने येणार. माझा नवरा ड्रिलिंगच्या मशिनी दुरुस्त करायचा, मी हॉस्पिटलात नर्स. वहिनी म्हणजे आमच्या डॉक्टरांच्या बायको, पुण्याच्या. अख्ख्या गावात मराठी घरं दोनच. मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांनीच हौसेने चहाला बोलावलं होतं. मी साडी नेसून गेले होते. मूर्ख कुठली!

आणि ते पाणी मी प्यायले. गप्प बसून, कागदी कपातून. त्या घोटाचा राग अजून जात नाही.

आम्ही कॅरॅव्हॅनमध्ये, म्हणजे चाकांवरच्या पत्र्याच्या खोलीत राहायचो. उन्हाळ्यात आत नुसती भट्टी. माझ्या दोन वर्षांच्या पोरीच्या नाकातून रक्त यायचं. ओल्या चादरीत गुंडाळून ठेवायचे तिला, तर चादर बघता बघता वाळायची. मागच्या उन्हाळ्यात तिला फिट आली. पुढचा उन्हाळा ही पोर काढेल का, या विचाराने मला ड्युटीवर रडू फुटायचं. तिथले शहाणे लोक टेकडी कोरून तिच्या पोटात घर करायचे. आत बारमाही गारवा. डॉक्टरांचं घर तसंच. त्यांच्याच टेकडीतली, त्यांच्या शेजारची जागा एक म्हातारा खाणवाला विकत होता. हातात हात देऊन त्याने आम्हाला शब्द दिला होता. तिथे हात आधी, कागद नंतर. माझ्या बापाच्या, आज्याच्या नावावर कधी वीतभर जमीन नव्हती. माझ्या नावावर होणार होती.

चहाला आठवडा झाला नसेल, डॉक्टरांनी मला वॉर्डाच्या दारात थांबवलं. फार गोड बोलले. टेकडीत खोदकाम म्हणजे डोक्याला ताप, त्यापेक्षा गावाबाहेर कचरा टाकतात त्या बाजूला सपाट प्लॉट आहेत, मी शब्द टाकतो, म्हणाले. वर म्हणाले, "तिकडे ॲबोरिजिनल लोकांची वस्ती आहे. तुमचं जमेल, सिस्टर, त्यांच्याशी."

सपाट जमिनीत घर कोरता येत नाही. म्हणजे परत पत्राच. हे त्याला माहीत नव्हतं? पोरीला फिट आली तेव्हा इंजेक्शन त्यानेच दिलं होतं.

ड्युटी संपल्यावर म्हाताऱ्याकडे धावले. तो नजर देईना. डॉक्टर त्याच्याकडे येऊन गेला होता. टेकडीत दोन घरांच्या मध्ये दगडाची एकच भिंत असते, आणि त्या भिंतीपलीकडे आम्ही नको होतो. म्हातारा एवढंच म्हणाला, "तो माझा डॉक्टर आहे. माझ्या छातीचं दुखणं तुला माहीत आहे ना?"

नवरा म्हणाला, जाऊ दे, इथेही तेच निघालं, वाद कशाला. त्याचंही काय चुकलं? त्याला घरात तेच शिकवलेलं. मला मात्र मरावंसं वाटलं. समुद्र ओलांडला, परक्या भाषेत परीक्षा दिल्या, आणि इथेही गावकुसाबाहेरची जागा तयारच. तिथे आधीपासून कोण? ज्यांची ही सगळी जमीन, तीच माणसं. त्यांनाच हाकललेलं. ते ध्यानात आलं आणि माझं रडू आटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओपीडी भरलेली. खाणवाले बसलेले, बाकावर म्हाताराही खोकत होता. सगळ्यांना कळावं म्हणून मी इंग्रजीत, मोठ्याने म्हटलं, "डॉक्टर, तुमच्या घरी माझा पाण्याचा ग्लास का बदलला, ते यांना सांगा. मग मी कचऱ्याकडे राहायला जाते."

त्याचा चेहरा उतरला. "सिस्टर, हे आपल्या घरातलं आहे," तो मराठीत पुटपुटला.

"मला घरात कुठे घेतलंत?"

म्हातारा बुटांकडे बघत राहिला. नोकरी जाऊ शकते, हे मला तिथेच कळलं.

शिफ्ट संपली तशी युनिफॉर्मवरच टेकडीवर गेले. नवऱ्याचा हातोडा घेतला होता. तिथली रीत अशी की कोरायला लागण्याआधी शेजाऱ्याच्या बाजूला दगडावर ठोकायचं. शेजारी आतून ठोकून उत्तर देतो. त्या आवाजावरून मधे किती दगड सोडायचा ते ठरतं, नाहीतर दोन्ही घरं ढासळायची. मी ठोकलं. वहिनी आत होत्या, रेडिओ ऐकू येत होता. रेडिओ बंद झाला. उत्तर आलं नाही. मी परत ठोकलं. नवरा पोरीला कडेवर घेऊन खाली उन्हात उभा होता, ये म्हणून हात करत होता. मी गेले नाही.

म्हातारा शब्द पाळेल का, पोर उन्हाळा काढेल का, मला काही माहीत नव्हतं. ही टेकडी मुळात कोणाची, ते मात्र आता माहीत होतं. कचऱ्याकडे हाकललेल्या त्या माणसांनी ऊठ म्हटलं तर मी उठेन. डॉक्टरने म्हटलं म्हणून उठणार नाही.