उपग्रह सापडत नाही!

चहा संपेपर्यंत हसायचं नाही, एवढं कबूल करा, मग सांगतो.

डिचोलीच्या स्टँडवर खाजगी बसवाल्यांचा मी टायमकीपर. आमच्याकडे एक बस जरा जास्त वेळ थांबली, की मागच्या बसचे पॅसेंजर तीच भरून नेते. मग काय, दोन्ही ड्रायव्हर एकमेकांच्या कॉलरला!

ही भांडणं मिटावीत म्हणून बसवाल्यांनी कॉम्प्युटर आणला. स्टँडवरच्या माझ्या केबिनच्या छपरावर जीपीएसचा इवलासा अँटेना. तो उपग्रहाकडून वेळ घेणार आणि कॉम्प्युटरचं घड्याळ बरोबर ठेवणार. आणि भांडणं थांबली हो! मला तर पोटच्या पोरापेक्षा त्या घड्याळाचं कौतुक.

अन् ऐन पावसाळ्यात ते मागे पडायला लागलं!

सर्वणच्या बसचा बाबलो गरजला, "सदाभाऊ, तुजां घड्याळ माका बुडयता! माजे पॅसेंजर तो शिरगावचो घेवन गेलो!"

"अरे, घड्याळ उपग्रहावर चालता!"

"मगे तो उपग्रह शिरगावचो आसतलो!"

मी काय काय नाही केलं? कॉम्प्युटर बंद केला, चालू केला, वायर बदलली, शेवटी नारळसुद्धा फोडला. स्क्रीनवर आपलं तेच: उपग्रह सापडत नाही. बसवाल्यांनी बजावलं, आज दुरुस्त झालं नाही तर उद्यापासून ज्याचं त्याचं मनगटी घड्याळ. म्हणजे पुन्हा मारामाऱ्या!

घरी बायकोचं, सुमतीचं, भलतंच. "माजो भाताचो टोप खंय गेलो?"

"तुका टोपाची पडल्या! हांगा उपग्रह हरवलो!"

शेवटी पणजीहून दुरुस्तीवाली मुलगी आली आणि शिडी लावून छपरावर चढली. खाली सगळे बसवाले गोळा. सुमतीही माझा डबा घेऊन आलेली.

"काका, अँटेनावर कुणीतरी स्टीलचं भांडं पालथं घातलंय! सिग्नल येणार कुठून?"

मी भडकलोच. "कोणी केलो ह्यो घात? नाव कळूं दे, त्याची बस हांगा उभी रवची नाय!"

"नाव आहे ना, भांड्यावर कोरलेलं." आणि तिने खणखणीत वाचलं, "सौ. सुमती सदानंद हिला, मामाकडून."

तेव्हा कुठे आठवलं! पावसाळ्याआधी आपण काय झाकत नाही, सांगा? लाकडं झाकतो, मोटारसायकल झाकतो. एवढासा अँटेना बिचारा भिजेल, या मायेने मीच तो टोप नेऊन पालथा घातला होता. उडू नये म्हणून वर दगड!

टोप काढला आणि घड्याळ आपसूक ताळ्यावर आलं. बाबलो इतका हसला, की स्वतःची बस सोडायची विसरला.

सुमतीने टोप पदराने पुसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "घड्याळावरचो काढलो, बरां झालां. आता ह्यांच्या डोक्यावर आसा, तो कोण काढतलो?"