भिकुबाईची डोंगी

कोरीटच्या भोईवाड्यात भिकुबाईइतकं भराभर जाळं विणणारी दुसरी बाई नव्हती. फाटलेलं जाळं तिच्या मांडीवर पडलं की दुपारपर्यंत नवं होऊन उठायचं. बाजारच्या दिवशी डोक्यावर माशांची पाटी घेऊन ती नंदुरबारला जायची आणि संध्याकाळच्या आत पाटी रिकामी करून परत यायची. नावेत मात्र तिने पाय ठेवला तो फक्त तापी ओलांडण्यापुरता. नाव हे पुरुषांचं काम. तिचा नवरा धुडकू आणि त्याचे दोघे भाऊ, तिघांची मिळून एक नाव होती आणि तेवढ्यावर तीन चुली पेटत होत्या.

सन साठच्या चैत्रात धुडकू प्रकाशाहून परतताना बैलगाडी उलटली आणि चाक त्याच्या उजव्या हातावरून गेलं. नंदुरबारहून रेल्वेने त्याला चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यात नेलं. महिनाभर भिकुबाई तिथेच वऱ्हांड्यात राहिली. माणूस वाचला, हात कोपरापासून गेला. घरी आल्यावर दोन-तीनदा तो नावेत बसला, पण एका हाताने ना वल्हं धरता येई ना जाळं फेकता येई. हळूहळू नावेवर जाताना भावांनी त्याला हाक मारायचं बंद केलं.

त्याच सुमारास शहाद्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी सरकारने नवा तलाव बांधला होता. त्यात मासळीचं बी सोडलं होतं आणि तिथे मच्छीमारांची सोसायटी निघाली होती. यादीत धुडकूचं नाव लागलं. दोघं कोरीट सोडून तलावाच्या काठी झोपडी टाकून राहिली. सोसायटीची अट एकच होती : ज्याचं नाव यादीत, त्याच्या घरातल्या माणसाने स्वतः मासेमारी करायची. नाहीतर दसऱ्यानंतर नाव कमी.

दोन दिवस धुडकू नुसता तलावाच्या काठी जाऊन येत होता. तिसऱ्या दिवशी भिकुबाईच म्हणाली, "मी जासू तलाववर."

"तुले वल्हं धरता येस का?"

"नही. पन जाळं तर धरता येस."

असं ठरलं खरं, पण तलावावर जायचं तर लहानशी होडी हवी. आणि इथूनच भिकुबाईच्या डोक्यात जो गोंधळ सुरू झाला, तो पुढे कित्येक वर्षं पुरता निवळला नाही.

धुडकूचं म्हणणं सरळ होतं. नाव म्हणजे तापीवर होती तशी, फळ्यांची, रुंद, दोन्ही बाजू उंच. "दुसरी कोनती नाव ऱ्हास का?" असं तो विचारायचा. पण ती नाव तीन माणसं ढकलत असत, हे भिकुबाईने डोळ्यांनी पाहिलं होतं.

सोसायटीचे सेक्रेटरी शहराकडचे होते, शुद्ध मराठी बोलायचे. त्यांच्याकडे चित्रांचं एक पुस्तक होतं. त्यांनी पान उघडून दाखवलं. "बाई, तलावासाठी सपाट तळाची होडी घ्या. पत्र्याची. ती डोलत नाही. उभं राहून आरामात जाळं ओढा." दुसऱ्या दिवशी त्यांनी पुढचं पान वाचलं असावं, कारण ते म्हणाले, "पण वारा असेल तर निमुळत्या तळाचीच बरी." भिकुबाईने विचारलं, इथे वारा असतो का? सेक्रेटरी म्हणाले, "असतो. पण रोज नसतो."

बाजारात गिऱ्हाईकं मासे घेता घेता सल्ले देत. एक म्हणाला लांब होडी घे, दुसरा म्हणाला आखूड घे, लवकर वळते. एकाने तर रिकामे डबे बांधून तराफा कर म्हणून सांगितलं. त्या दिवशी तिने एका बाईला मरळ देण्याऐवजी वाम दिली, आणि ती बाई परत येऊन भांडली तेव्हाच तिच्या ध्यानात आलं.

"माले काहीच समजी नही ऱ्हायनं," ती धुडकूला म्हणाली. "बठा लोक येगयेगळं सांगतस."

मग तिने घरातली परात उचलली, लाकडी काठवट उचलली आणि तलावाच्या काठाला जाऊन दोन्ही पाण्यावर सोडली. परातीत मधोमध दगड ठेवला, परात ठाम राहिली. दगड कडेला सरकवला तशी परात कलली, पाणी शिरलं आणि ती तळाला गेली. काठवटीतला दगडही कडेला सरकवला. तीही कलली, दगड पाण्यात पडला, काठवट पाण्याने भरली, पण बुडाली नाही. काठोकाठ भरूनही तरंगत राहिली. भिकुबाईला पोहता येत नव्हतं. तिने ते बराच वेळ पाहिलं. लाकूड बरं, असं तिला वाटलं. पण चित्रातली होडी तर पत्र्याची होती, आणि चित्र सरकारी पुस्तकातलं. परात काढायला ती कमरेइतक्या पाण्यात गेली आणि भिजून घरी आली, तरी ठरलं काहीच नव्हतं.

भाद्रपदात सोसायटीने नमुन्याची पत्र्याची होडी आणली. ज्याला घ्यायची असेल त्याने बसून पाहावं. भिकुबाईला बसवलं. जाळ्याची दोरी काठावरच्या खुंटाला बांधलेली, दुसरं टोक होडीत. बांधावर सगळी वस्ती गोळा झाली.

"उभ्या राहा!" सेक्रेटरी ओरडले. ती उभी राहिली. तिने वल्हं दोन्ही हातांनी घट्ट धरलं. तेवढ्यात डोंगराकडून वाऱ्याची झुळूक आली आणि सपाट होडी परातीसारखी गरकन फिरली. कुणी ओरडलं, "डावीकडे मार!" कुणी, "अरे, उजवीकडे!" धुडकू एकच हात हलवत काहीतरी सांगत होता, त्याचं डावं म्हणजे त्याच्याकडून डावं की हिच्याकडून, ते कळेना. तिने वल्हं मारलं की होडी आणखी फिरायची. तलाव भरला तेव्हा बुडालेल्या बाभळींची खोडं पाण्याखाली होती, त्यातल्या एकाला होडीचा तळ करकरत घासला. पत्र्याला पोचा आला. मग भिकुबाईने वल्हं खाली टाकलं, होडीच्या तळाशी फतकल मारून बसली आणि जाळ्याची दोरी हातांनी ओढत ओढत काठाला आली. लोक हसत होते. तिला राग आला होता, पण एक गोष्ट तिने मनाशी धरली : बसून तिला भीती वाटली नव्हती.

तिसऱ्या दिवशी नवरा-बायको तोरणमाळच्या वाटेवरच्या पाड्यावर गेली. तिथे भीमसिंग नावाचा म्हातारा पावरा आदिवासी एकाच खोडातून डोंगी कोरून देत असे. त्याची पावरी, यांची अहिराणी. निम्मं बोलणं हातांनीच झालं. धुडकूने फळ्यांच्या नावेचं वर्णन सुरू केलं. भीमसिंगने ते ऐकून घेतलं आणि मग भिकुबाईकडे वळून विचारलं, "कोण बसणार?"

"मी."

"बसून ओढणार की उभी राहून?"

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "बसून."

म्हाताऱ्याने तिला अंगणातच पाय पसरून बसायला सांगितलं. काठी घेऊन तिच्या पायांची लांबी मोजली, मग दोन्ही बाजूंना काठ्या टेकवून अंगाची रुंदी मोजली. भिकुबाईने लाजून पदर पुढे ओढला. धुडकूचं तोंड आधी कडवट झालं, मग तो एकदम हसायला लागला. अपघातानंतर तिने त्याला हसताना पाहिलं नव्हतं.

"उन्हाळ्यात पाणी लांब जाईल. चिखलातून कोण ओढेल?" भीमसिंगने विचारलं.

"मी एकटीच."

"मग सावरीची घे. हलकी."

"सावर तीन वरीसमा सडी जाई," धुडकू म्हणाला.

"जाईल," भीमसिंगने मान्य केलं. "आंब्याची जास्त टिकेल. पण जड. मोहाच्या झाडाला मी कुऱ्हाड लावत नाही. तू सांग, सावर की आंबा?"

भिकुबाई उठून उभी राहिली. दोन्ही खोडं अंगणात पडली होती. एकाला हात लावला, दुसऱ्याला लावला. "सावर," ती म्हणाली. पाड्याबाहेर पडल्यावर म्हणाली, "आंबा सांगाले पाहिजे व्हता." अर्ध्या वाटेवर पुन्हा, "नही, सावरच बरी." धुडकू पुढे चालत राहिला.

दसऱ्याला बैलगाडीवरून डोंगी आली. भिकुबाईने नारळ फोडायला घेतला आणि थबकली. दोन्ही टोकं सारखीच. "पुढलं कोनतं?" गाडीबरोबर आलेला भीमसिंग खांदे उडवून म्हणाला, "तुला हवं ते." तिने डोळे मिटून एका टोकावर नारळ फोडला. पण पुढे महिनाभर पुजलेलं ते टोक मागे ठेवूनच ती वल्हवत होती.

पण मासे मिळाले. पहिल्या दिवशी दोन कटले आणि थोडी बारीक मासळी, पुढे पाटी भरू लागली. उन्हाळ्यात पाणी आटून दोन शेतं लांब गेलं, तेव्हा पत्र्याच्या होड्यांना चार-चार माणसं लागायची. भिकुबाई दोरी खांद्यावर घेऊन एकटी डोंगी ओढायची. वस्तीतल्या माणसांनी हसणं सोडलं. दोघातिघांनी येऊन विचारलं, आम्ही कोणती घ्यावी? ती खरं तेच सांगायची, की तिला ठाऊक नाही.

धुडकू म्हणाला तसंच झालं. त्रेसष्टच्या पावसाळ्यात सावरीचा तळ बोटाने उकरला तरी निघू लागला. या वेळी भिकुबाईने आंबा सांगितला, आणि रुंदी जरा जास्त. डोंगी आली ती इतकी जड, की तिच्याने हलवेना. ती चिखलात रडकुंडीला आली. झोपडीच्या दाराशी बसलेला धुडकू उठला, खांदा लावला आणि दोघांनी मिळून ती पाण्यात ढकलली. मग त्याला काठावर परतायचं सुचलं नाही की काय, तो तसाच आत चढून पुढच्या टोकाला बसला. डोंगी डगमगली, सावरली.

"नाव धारले धर," तो तापीवरच्या सवयीने म्हणाला.

"कोनती धार? तलाव शे हाई," भिकुबाई म्हणाली.

त्याने पाण्याकडे पाहिलं, मग डोंगराकडे, मग तिच्याकडे. "मंग कोनीकडे जानं?"

तिलाही ते नीट ठाऊक नव्हतं. तिने वल्हं मारलं.