घरातली ताकद घरात

अख्ख्या लखनौ शहरात खरी ताकद एकाच माणसाकडे आहे आणि ती त्याला आजोबांकडून आली आहे, हे मी आमच्या दाजींच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता झोपेतही म्हणून दाखवेन. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, शिवाय माझा सख्खा आतेभाऊ. त्यामुळे ते आजोबा माझेही आजोबा, पण हे दाजी सोयीनं विसरतात. आम्ही मूळचे सांगलीकडचे. दाजी सरकारी कंपनीच्या नोकरीत इकडे आले, मागून माझ्या नवऱ्याची बँकेतून लखनौला बदली झाली, आणि माझी सुटका व्हायची ती राहिलीच. आजोबांनी विहिरीत पडलेलं रेडकू एकट्यानं वर काढलं होतं म्हणे. माझ्या लहानपणी ते रेडकूच होतं. लखनौत आल्यावर त्याची म्हैस झाली, आणि पुढे जानकीपुरमच्या शेजाऱ्यांना सांगताना दाजींनी ती गाभण करून टाकली.

दाजींचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि हे त्यांनी घर घेताना मुद्दाम बघितलं होतं. गॅसचा सिलिंडर ते स्वतः खांद्यावरून चढवणार. बिचारा सिलिंडरवाला भैया मागून रिकाम्या हातांनी, चोरी केल्यासारखा चढायचा. माझ्या घरी, महानगर नावाच्या भागात, आले की चहाच्या आधी स्वयंपाकघरात जाऊन लोणच्याच्या बरण्यांची झाकणं घट्ट आवळून ठेवायचे, म्हणजे निघताना ती उघडून द्यायला मी त्यांनाच हाक मारीन. एकदा शहराबाहेरच्या बख्शी का तालाब गावाहून बटाट्यांचं पोतं आणत होते. ई-रिक्शावाला कुरकुरला की गाडीला भार होतोय. तर दाजींनी पोतं उचललं, मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "लो, अब तुम्हारी गाड़ी पर कुछ नहीं है." तो म्हणाला, "बाबूजी, आप भी तो हमारी ही गाड़ी पर हैं." दाजींना आजतागायत पटलेलं नाही.

लग्नही त्यांनी ताकद बघूनच केलं. आमच्याकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क. मामाला मुली दोन, ताई आणि मी. ताई भरलेली घागर एका हातानं उचलायची, मी दोन्ही हातांनी सांडायची. "धाकटी वाऱ्यानं उडेल," असं म्हणून दाजींनी मला सगळ्यांदेखत नापास केलं. तो राग मी अजून सोडलेला नाही. इथल्या शेजारणींना हे नातं कळलं तेव्हा त्या गालावर हात ठेवून म्हणाल्या, "हाय राम, मामा की लड़की तो बहन हुई!" दाजी छाती काढून म्हणाले, "भाभीजी, बाहर की लड़की लाते तो ताक़त में मिलावट हो जाती. हमने घर की घर में रखी."

आणि ती ताकद दिसायलाही लागली होती, हेच तर वाईट. त्यांना एकच मुलगी झाली, आमची मयूरी. शाळेत पळण्यात पहिली, लांब उडीत पहिली. दाजी मैदानाच्या कडेला उभे राहून परक्या आईबापांना रेडकाची गोष्ट सांगायचे. कॉलेजात गेल्यावर मात्र एक दिवस तिला वरच्या फळीवरचा डबा काढता येईना. टाचा उचलायला गेली तर उचलल्याच नाहीत. मग ती सपाट रस्त्यावर पडायला लागली. दाजींनी निदान केलं, आळस! "रक्तात आहे, झोपलीय नुसती. जागी करायची." बदाम आले, तूप आलं, आणि रोज सकाळी जिने. खाली उतर, वर चढ, पुन्हा उतर. मी एकदा डोळ्यांनी बघितलं. पोर कठड्याला धरून उभी, पाय थरथरतायत, आणि म्हणतेय, "पापा, नहीं हो रहा." दाजी वरून हात धरून तिला ओढत होते. त्या दिवशी मी त्यांना नाही नाही ते बोलले. ताई दारात उभी राहून रडत होती.

शेवटी ताईनंच हट्ट धरून तिला दवाखान्यात नेलं. मीही बरोबर होते. डॉक्टरांनी विचारलं, "आप दोनों शादी से पहले रिश्तेदार थे?" दाजींना आवडीचाच विषय मिळाला. खुर्चीत सरसावून म्हणाले, "जी हाँ! ये हमारे मामा की लड़की हैं." डॉक्टर लिहायचे थांबले. रक्ताच्या तपासण्या झाल्यावर त्यांनी सावकाश समजावलं. स्नायू टिकवणारा एक जीन असतो, आईकडून एक आणि बापाकडून एक असा जोडीनं येतो, त्यातला एक आजोबांपासून बिघडलेला आला होता. एकच बिघडलेला असला तर माणसाला पत्ताही लागत नाही, दुसरा चांगला काम निभावून नेतो, म्हणून आजोबा दणकट, दाजी दणकट, ताई दणकट. पोरीच्या वाट्याला मात्र दोघांकडूनही बिघडलेलाच आला. स्नायू झिजत जाणार, औषध नाही. "और इनसे मेहनत मत कराइए, नुक़सान होता है." दाजींनी विचारलं, "सीढ़ियाँ?" डॉक्टर म्हणाले, "बिल्कुल नहीं." तो बिघाड माझ्यातही असेल. पण माझा नवरा बाहेरचा, म्हणून माझी पोरं पळतायत. वाऱ्यानं उडणारी ती मी! देवा, असलं जिंकणं कुणाला हवं होतं?

दाजींनी तिसरा मजला विकला आणि तळमजला घेतला. आजोबांचं नाव त्यांच्या तोंडून बंद झालं. मी मुद्दाम विषय काढायची, चिडवायची, वाटायचं, निदान भांडतील तरी. नुसते हसायचे.

गेल्या थंडीत आम्ही चौघं अंगणात उन्हाला बसून मटार सोलत होतो. मयूरीला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र हिंदीच. मान वर न करता तिनं विचारलं, "पापा, आप मम्मी को छोड़कर किसी और से शादी करते, तो मैं ठीक होती ना?"

ताईचे हात थांबले. मला वाटलं, आता हा माणूस कोसळणार. दाजींनी हातातली शेंग सोलून दाणे ताटात टाकले.

"झाली असती एखादी मुलगी," ते म्हणाले. "धडधाकट. पळाली असती, उड्या मारल्या असत्या."

"हाँ, तो?"

"पण ती तू नसतीस, बाळा. आणि मला ती नको."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "आप भी ना, पापा," म्हणत तिनं नाक पुसलं, आणि आत जायला म्हणून हात पुढे केला. दाजी उठले. त्यांनी तिचा हात धरला, ओढला मात्र नाही. ती आपल्या सवडीनं उभी राहीपर्यंत ते तसेच वाकून थांबले.