सपाट माथ्याचा डोंगर

अण्णा समुद्राला घाबरायचे आणि नोकरीभर समुद्राचा तळच काढत बसायचे. बंगळुरातल्या आमच्या नकाशांच्या ऑफिसात ते हेड ड्राफ्ट्समन होते. घर जयनगरला, चार पिढ्या इथल्याच. नव्वदच्या दशकात मी लग्न होऊन नागपूरहून आले आणि त्यांच्या हाताखाली लागले. वयानं निम्मी असूनही मला ते अक्का म्हणत.

नव्या माणसाला ते आधी सपाट माथ्याचा डोंगर समजावत. "ज्वालामुखी तळापासून वाढत पाण्याबाहेर येतो, बेट होतं. तो विझला की लाटा माथा घासून टेबलासारखा करतात. मग खालचा तळच थंड होत, जड होत खचतो. डोंगरही त्याच्याबरोबर बुडतो. लाटा दिसतात तरी, अक्का. खचणं दिसत नाही. मला त्याची भीती."

चुकीची रेष अर्ध्या ब्लेडनं खरवडायची असे. मी घाई केली की म्हणत, "स्वल्प हळू. कागद फाटला तर दुसरा घेऊ. खोटी रेष राहायला नको."

खोलीचे आकडे विरळ असले की मधल्या रेषा अंदाजानं जोडाव्या लागत. एका डोंगराला मी सवयीनं टोक काढलं. डोंगर म्हटला की हात निमुळताच वळतो. अण्णा रजेवर होते. कागद तसाच जहाजावर गेला.

आठवड्यानं बंदरावरच्या कचेरीतून फोन आला. जहाजावरचं खोली मोजायचं यंत्र बंद पडलं होतं आणि ते आमच्या कागदाच्या भरवशावर तारेनं एक जड उपकरण खाली सोडणार होते. अण्णांनी मूळ आकडे काढले. माथा सपाट होता, चांगला रुंद. मी खोल पाणी दाखवलं होतं तिथं खडक होता. उपकरण त्यात अडकून तार तुटली, तर ती चाबकासारखी उलटून डेकवरच्या माणसांना कापते.

"साहेबांना तुम्ही सांगाल?"

"चूक तुझी, सांगायचं तू. मी शेजारी उभा राहतो."

मी सांगितलं. वायरलेसनं निरोप गेला. उत्तर यायला अख्खी दुपार लागली. अण्णांनी डबा उघडला नाही.

निरोप वेळेत पोचला होता. मी खुर्चीत बसले.

"सरी, ठीक आहे," अण्णा म्हणाले, "आता याआधीचे तुझे कागद काढ."

नऊ निघाले. दोन तेव्हा समुद्रावर होते. सगळे पुन्हा तपासायला चार दिवस लागले. सगळे बरोबर होते. अण्णा वर्षअखेर निवृत्त झाले. आता हाताखालचे लोक मला कडक म्हणतात. कागद बाहेर गेला की मी मूळ आकडे काढून पुन्हा एकदा ताडून बघते, हे त्यांना ठाऊक नाही.